गुरुवारची सतरंजी

त्या गुरुवारी सकाळी मनोरमाबाईंनी मला मागच्या अंगणातल्या तारेवर टाकले आणि काठीने चांगले झोडपले. मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. मार खाण्याचे मला काही वाटत नाही. आठवड्यातून एकदा काठी आणि ऊन मिळाले की माझ्यासारखीचे आयुष्य वाढते.

भोपाळच्या बरखेड्यात कारखान्याच्या क्वार्टरांची अंगणे एकमेकांना लागून आहेत. मधली भिंत जेमतेम खांद्याइतकी. भिंतीपलीकडून निर्मलाकाकूंनी डोके वर काढले.

"अहो भिंगारदिवेबाई, माझे पापड वाळताहेत इकडं! किती ती धूळ!"

"लागू दे की थोडी. प्रार्थनेची धूळ आहे, पापड छान फुलतील."

"फुलतील म्हणे! माझ्या गणपतीच्या पानात तुमच्या येशूची धूळ वाढू का?"

"वाढा. ते दोघंही काही बोलायचे नाहीत. बोलाल त्या तुम्हीच."

निर्मलाकाकू हसल्या. त्या मूळच्या उज्जैनच्या. तीस वर्षांच्या शेजारात दोघींनी एकमेकींना एवढे टोमणे मारले होते, की नव्याने मारायला काही उरले नव्हते, तरी मारत. "आज गुरुवार, म्हणजे सुचेता येईल. उज्जैनहून लौंगवाली, लवंगेची तिखट शेव आलीय. जाताना घेऊन जा म्हणावं. वाळून काडी झालीय पोरगी."

संध्याकाळी सुचेता आली. ती मनोरमाबाईंची एकुलती मुलगी. भोपाळजवळच्या मंडीदीपला एका औषधांच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत काम करी आणि तिकडेच खोली घेऊन राही. गुरुवारी मात्र ती कामावरून परस्पर आईकडे येई. मनोरमाबाई मला पुढच्या खोलीत अंथरत, गुडघे टेकत, डोळे मिटत. आणि सुचेता स्वयंपाकघराच्या दारात उभी राही. प्रार्थना संपेपर्यंत उभी, चौकटीला खांदा लावून. मग आत जाऊन चहा टाकी. अठरा वर्षे हे असेच चालले होते. त्या अठरा वर्षांत तिचे पाऊल एकदाही माझ्यावर पडले नव्हते. खोली ओलांडायची झाली तरी ती भिंतीच्या कडेने जाई.

त्या दिवशी मात्र प्रार्थना संपल्यावर ती आली आणि माझ्या अगदी काठावर टेकली. मनोरमाबाईंनी ते पाहिले. पण त्यांनी मान वळवली नाही, जणू चिमणी आत आली आहे आणि हालचाल केली तर उडून जाईल.

"आई, एक विचारू?"

"विचार ना."

"एखाद्यानं देवाला शब्द दिला आणि मोडला, तर?"

"कुणी मोडला? देवानं?"

"देवानं नाही गं. माणसानं."

मनोरमाबाईंना हसू आले. "माणूस तर रोज मोडतो. म्हणून तर..."

तेवढ्यात मोरीतला नळ घरघरला आणि पाणी आले. उन्हाळ्यात संध्याकाळचे पाणी वीस मिनिटे येते आणि ते कुणाच्या प्रश्नासाठी थांबत नाही. "जा जा, आधी पिंप लाव. सांगते मग," मनोरमाबाई म्हणाल्या. सुचेता उठली. पिंप भरले, बादल्या भरल्या, पातेली भरली. मग तिच्या बसची वेळ झाली. निर्मलाकाकूंची शेव पिशवीत टाकताना ती म्हणाली, "जाऊ दे, पुढच्या गुरुवारी बोलू."

"बोलू की. कुठं जाते मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, टाउनशिपच्या शाळेच्या ऑफिसात, हजेरीचे रजिस्टर पुढे ओढताना मनोरमाबाई टेबलावर कलंडल्या. डोक्यातली शीर फुटली होती. दुपारी अडीचला त्या गेल्या. निवृत्तीला सहा महिने राहिले होते.

आता मी माझी गोष्ट सांगते. सांगितली पाहिजे, कारण त्या मुलीच्या पोटातली एक गोष्ट मला माहीत होती आणि तिच्या आईला माहीत नव्हती.

माझा जन्म नगरजवळच्या एका खेड्यात, दत्तू नावाच्या विणकराच्या मागावर झाला. तो नात्याने मनोरमाबाईंचा मामा. १९६४ साली भाचीचे लग्न ठरले तेव्हा त्याने जाड सूत निवडले, निळे आणि विटकरी, आणि बारा दिवसांत मला विणून काढले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद. नवऱ्या मुलाला भोपाळच्या सरकारी कारखान्यात टर्नरची नोकरी लागली होती. तिकडे कोण ओळखीचे, चर्चचा पाळक कोण, काही माहीत नव्हते. दत्तूमामाने मला भाचीच्या डोक्यावर ठेवले आणि म्हटले, "दोघांसाठी ही मोठी होते, मला कळतं. पण माणसं बसव हिच्यावर. गुंडाळून ठेवलीस तर उंदीर बसतील."

नवऱ्या मुलाचे नाव विश्वनाथ भिंगारदिवे. सावळा, कमी बोलणारा माणूस. रेल्वेत त्याने मला बाकावर पसरले, वर बायकोला बसवले आणि स्वतः दारात उभा राहून भोपाळपर्यंत आला.

टाउनशिप तेव्हा नवी होती. रस्ते सरळ, झाडे गुडघ्याएवढी, क्वार्टर सगळे एकासारखे एक. नवा माणूस संध्याकाळी शिफ्टवरून परतताना दुसऱ्याच्याच घरात शिरे आणि तिथली बाई ओरडली की माफी मागून बाहेर येई. पंजाब, केरळ, बंगाल, सगळीकडची माणसे आली होती. त्यांत नगर, जालना, मिरजेकडची मराठी ख्रिस्ती घरे अकरा निघाली. रविवारी शहरातल्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होई. ती बरी होती, पण मनोरमाबाई म्हणत, "हिंदीत पापांची कबुली दिली तर ती माझी आहे असं मला वाटतच नाही. दुसऱ्याच बाईची पापं सांगतेय असं वाटतं."

म्हणून गुरुवार सुरू झाला. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मराठीतून प्रार्थना, आज एका घरी, पुढे दुसऱ्या घरी. आणि सतरंजी एकच, मी. ज्यांची पाळी पुढची, ते मला सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी नेत. पहिल्या गुरुवारी विश्वनाथांनी उठून सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "ज्याला जमणार नाही त्यानं सतरंजी आमच्याकडे पोचवावी. गुरुवार मात्र रिकामा जाणार नाही." त्यांनी आयुष्यात केलेले एवढेच भाषण.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे. माझ्यावर एका वेळी वीस-वीस माणसे दाटीवाटीने बसत. मी माणसांना चेहऱ्याने ओळखत नाही, गुडघ्यांनी ओळखते. कारखान्याच्या फोर्ज शॉपमधले, म्हणजे लोखंड ठोकायच्या खात्यातले, गोपीनाथ साळवे, सगळ्यांचे गोपीनाथकाका, त्यांचा डावा गुडघा दुखरा होता, म्हणून त्यांचा सगळा भार उजवीकडे येई. त्यांची प्रार्थना इतकी लांबे की मुले झोपून जात. एकदा त्यांनी जगातल्या सगळ्या देशांसाठी एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना धरली, तेव्हा त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई मध्येच म्हणाल्या, "आमेन म्हणा आता. उरलेले देश पुढच्या आठवड्यात." त्या दिवशी हसताना सगळ्यांचे गुडघे माझ्यावर हलत होते. माझी स्तुतीही होई. कुणी नवे आले की हात फिरवून म्हणत, नगरचं काम दिसतंय.

सुचेता माझ्यावरच रांगायला शिकली.

ती अकरा वर्षांची असताना विश्वनाथांना कावीळ झाली. आधी डोळे पिवळे झाले, मग ते बरळू लागले. त्यांना कारखान्याच्या हॉस्पिटलात ठेवले. मनोरमाबाई तिथेच असत. सुचेता शाळेतून येऊन निर्मलाकाकूंकडे जेवे. काकूंची मुलगी कल्पना तिच्याच वयाची, तिच्याच वर्गातली. दोघींचे बोलणे मी खिडकीतून ऐकले. त्या आठवड्यात पाळी भिंगारदिव्यांची होती, म्हणून मी त्यांच्या घरी होते.

"तू नवस बोल ना," कल्पना म्हणाली. "माझ्या आजीनं बोलला होता, दादा पास झाला."

"म्हणजे काय करायचं?"

"देवाला सांगायचं, तू माझं काम कर, मग मी तुला अमुक देईन. पण एक आहे हं. काम झालं की फेडायचा. नाही फेडला तर देव दिलेलं परत घेतो. डब्बल घेतो."

त्या दुपारी सुचेता एकटी घरात आली. तिने दाराची कडी लावली, मला उलगडले आणि माझ्यावर पालथी पडली. तिचे तोंड माझ्या सुतात होते. गरम श्वास मला लागत होता. ती म्हणाली, "प्रभू येशू, माझ्या बाबांना बरं कर. मग मी दर गुरुवारी गुडघे टेकीन. कुठंही असले तरी. एकही चुकवणार नाही. मरेपर्यंत."

तिला कोण सांगणार, की तिने एका देवाची रीत दुसऱ्या देवाकडे नेली होती? त्या टाउनशिपमध्ये भिंती खांद्याइतक्या होत्या. पोरी भिंतीवरून पाटीवरची पेन्सिल देत, पोळीचा तुकडा देत, तसाच एकीने दुसरीला नवस दिला.

विश्वनाथ बरे झाले. तीन आठवड्यांनी ते रिक्षातून उतरले तेव्हा त्यांचा सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता, पण ते चालत आत आले. त्या गुरुवारी अकराही घरे झाडून आली. प्रमिलाबाई भरात येऊन म्हणाल्या, "मी तर मनात बोललेच होते, भाऊजी बरे झाले तर सगळ्यांना शिरा करीन."

मनोरमाबाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "नवस बोललीस की काय गं? आपल्यात नसतो तो! देवाला लाच देतेस? तुझ्या शिऱ्यावर त्याचं अडलंय का? त्यानं दिलं ते दिलं. तो काही उसनं देणारा शेजारी नाही परत मागायला."

सगळे हसले. प्रमिलाबाईही हसल्या. चेष्टाच होती ती. पण सुचेता त्यांच्या मागे बसली होती, आणि तिच्या बोटांनी माझ्या काठाची एक गाठ अशी घट्ट धरली, की सूत तुटले. 'लाच' हा शब्द तिने ऐकला. त्यानंतरची दोन वाक्ये, ज्यांत तिची सुटका होती, तिच्यापर्यंत पोचली नसावीत. लहान मुलांना शरम वाटली की त्यांचे कान बंद होतात. त्या दिवसापासून ती गोष्ट ती कुणाला सांगू शकली नाही, आईला तर नाहीच.

पण तिने शब्द पाळला, एवढे मी साक्षीने सांगते. तापात पाळला. परीक्षेत पाळला. ज्यांच्या घरी पाळी असेल तिथे ती सगळ्यांच्या आधी येऊन टेके. गोपीनाथकाका म्हणत, "ही पोरगी पाळकीण होणार." ती हसत नसे. तिच्या गुडघ्यांत आनंद नव्हता, मित्रांनो. कामावर वेळेत हजर होणाऱ्या माणसाचे गुडघे होते ते. मला तेव्हाच कळायला हवे होते.

मग ती कॉलेजसाठी इंदूरला गेली आणि माझ्या नजरेआड झाली. दीड वर्षाने, एका शनिवारी सकाळी, विश्वनाथ पहिल्या शिफ्टला गेले आणि मशीनपाशीच छातीत कळ येऊन पडले. ते त्रेचाळीस वर्षांचे होते. तार मिळताच सुचेता इंदूरहून बसने आली. घरात मला अंथरले होते, येणारी माणसे माझ्यावर बसत होती, रडत होती, गाणी म्हणत होती. मनोरमाबाईंनी लेकीला पाहून हात पसरले. "ये, बस माझ्याजवळ."

ती बसली नाही. दारात उभी राहिली. अंत्यविधी झाला, तिसरा दिवस झाला, गुरुवार आला. ती उभीच. इंदूर सोडून ती भोपाळच्या कॉलेजात आली, तरी दर गुरुवारी उभीच.

सगळ्यांनी एकच अर्थ काढला. मीही तोच काढला. मला तर नवस ठाऊक होता. मला वाटले, हिने सात वर्षे दिलेला शब्द पाळला आणि देवाने मात्र बाप नेला, म्हणून ही रुसली. गोपीनाथकाकांसारखा भक्कम माणूससुद्धा त्या दिवसांत चाचरला. "वहिनी, त्या काविळीत एवढ्या प्रार्थना केल्या आपण. मग हे काय झालं?"

मनोरमाबाईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवले. मग म्हणाल्या, "माणूस मरणार नाही असं तो कधी म्हणाला होता, काका? सोबत राहीन म्हणाला. राहिलाय. मला त्याचा फार राग आलाय, पण तो इथंच आहे. नसता तर राग कुणाचा आला असता?"

त्यांना शाळेत विश्वनाथांच्या जागी म्हणून कारकुनाची नोकरी मिळाली. त्या दोन खोल्यांच्या लहान क्वार्टरमध्ये आल्या, तोही निर्मलाकाकूंना लागूनच, त्यांच्या दुसऱ्या बाजूला होता. आणि गुरुवार चालू राहिला. हळूहळू घरे कमी झाली. कुणी निवृत्त होऊन गावी गेले, कुणी वारले, कुणाच्या मुलांना मराठी वाचता येईना आणि ती म्हणू लागली, "आँटी, हम लोग संडे को तो जाते ही हैं ना." अकराची सहा झाली, सहाची तीन. पाळीला अर्थ उरला नाही, मी मनोरमाबाईंकडेच राहू लागले. शेवटी गोपीनाथकाकाही जालन्याला निघाले. सामानाचा ट्रक उभा असताना ते निरोप घ्यायला आले आणि म्हणाले, "वहिनी, आता पुरे करा. कुणासाठी अंथरता ही?"

"ह्यांनी शब्द दिलाय ना, रिकामा जाणार नाही म्हणून."

"विश्वनाथ गेला. शब्द देणाराच गेला."

"ज्याला दिला तो नाही ना गेला," मनोरमाबाई म्हणाल्या. "तो गुरुवारी येणार. आज कुणी नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवू?"

पूर्वी मी पूर्ण उघडत असे. मग त्या मला अर्धी उघडू लागल्या, मग पाव. पण मित्रांनो, एका माणसापुरती घडी त्यांनी कधी घातली नाही. त्यांच्या डावीकडे आणखी एकाची जागा राहील एवढी मी दर गुरुवारी उघडी असे. ती जागा कोरी राहिली. आजही माझा तेवढा भाग नव्यासारखा आहे, रंगसुद्धा गेलेला नाही.

एकदा निर्मलाकाकूंनी भिंतीवरून विचारलेच. "मुलीला म्हणत का नाही, बस म्हणून? उभी काय राहते चोरासारखी?"

"तिचा विश्वास उडालाय, निर्मलाताई. बाप गेला तेव्हाच उडाला. मी विचारत नाही. विचारलं तर ती 'हो, उडाला' म्हणेल, आणि तोंडातून एकदा निघालं की ते कायमचं होऊन बसेल. न विचारता ती येते तरी. येऊ दे."

आणि गुरुवारी, डोळे मिटल्यावर, शेवटी त्या एक वाक्य अगदी हळू म्हणत. दारातल्या मुलीला ते कधीच ऐकू गेले नाही. त्यांचे कपाळ तेव्हा माझ्यावर टेकलेले असे, म्हणून मला ऐकू येई. "ती उभी राहते, प्रभू. पण येते. तेवढं धर. तू कुणाला सोडत नाहीस, तिलाही सोडू नको."

हे मी अठरा वर्षे ऐकले. एका घरात दोन बायका, दोघींच्या मध्ये सहा फूट सतरंजी, आणि दोघीही एकमेकींना जपण्यासाठी गप्प. मी दोघींचे ऐकलेले, आणि मला तोंड नाही.

मनोरमाबाई गेल्यावर मला कुणी अंथरले नाही. माणसे आली ती अंगणात खुर्च्यांवर बसली. कुणीतरी मला गुंडाळून, सुतळी बांधून कपाटावर टाकले. तिथे उकाडा होता आणि पालींचा वास. पहिला गुरुवार आला, मी सहा वाजण्याची वाट पाहिली. पिंपात पाणी पडल्याचा आवाज आला नाही. दुसरा गुरुवार गेला. एका टोकाला उंदराने कुरतडायला सुरुवात केली. विश्वनाथांचा शब्द आता खरोखर मोडला होता आणि तो मोडल्याचे दुःख करायलाही कुणी उरले नव्हते. मनोरमाबाई म्हणत, गुरुवारी प्रभू येतो. आला असेल. मी काही पाहिले नाही, मित्रांनो. बंद क्वार्टर, धूळ आणि नळाला लागलेले गंजके पाणी, एवढेच मी पाहिले. जे पाहिले नाही ते मी तुम्हांला कसे सांगू?

दोन महिन्यांनी क्वार्टर रिकामा करायची वेळ आली. सुचेता रजा घेऊन आली. दोन दिवस ती आणि निर्मलाकाकू सामान काढत होत्या. पलंग, खुर्च्या, भांडी, एकेक वस्तू बाहेर गेली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती यादी करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मला कपाटावरून खाली ओढले. "ही काय करतेस? उंदरानं खाल्लीय बघ. कबाड्याला भंगारात देऊन टाकू?"

सुचेता यादीत लिहीत राहिली. काकू बसल्या, घाम पुसला आणि एकदम म्हणाल्या, "एक सांगू, सुचू? रागावू नकोस. तुझा विश्वास उडालाय याचं तिला फार वाटायचं गं. मला म्हणायची, मी विचारत नाही तिला. एकदा तरी बसली असतीस तिच्याजवळ, काय बिघडलं असतं?"

सुचेताचा चेहरा मला दिसला नाही. काकूंना काय दिसले कोण जाणे, पण त्या घाईने उठल्या. "चहा आणते," म्हणाल्या आणि गेल्या.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, आम्हांला ऊन दाखवा, गुंडाळून टाकू नका, असे काहीतरी मी तुम्हांला सांगायला हवे. सांगते. पण मला विणणाऱ्याने मला माणसे बसावीत म्हणून विणले होते, आणि माझे सूत उंदराने खाल्ले त्याचे मला तेवढे वाईट वाटत नाही. तुमच्या घरात कुणी दाराशी उभे राहत असेल, तर ते का उभे राहते हे त्यालाच विचारा. स्वतः अर्थ काढू नका. आम्ही सगळ्यांनी अर्थ काढला, आणि तो चुकला.

माणसे येऊन शेवटचे कपाटही उचलून बाहेर गेली, तेव्हा सुचेताने सुतळी सोडली. मला पूर्ण उलगडले, दहा फूट, भिंतीपासून भिंतीपर्यंत. रिकाम्या खोलीत मी पुष्कळ मोठी दिसत असेन. ती माझ्यावर आली नाही. माझ्या कडेला, उघड्या फरशीवर बसली आणि मोठ्याने बोलू लागली, समोर कुणी असावे तशी.

"आई, बाबांना कावीळ झाली तेव्हा मी नवस बोलले होते. आपल्यात नसतो, ठाऊक आहे मला. दर गुरुवारी गुडघे टेकीन, एकही चुकवणार नाही, म्हणाले होते. नाही चुकवला. इंदूरच्या हॉस्टेलात पोरी हसायच्या, तरी कॉटच्या मागे जाऊन टेकत होते. मग एका गुरुवारी सिनेमाला गेले. आजारी नव्हते, अडचण नव्हती. नुसता कंटाळा आला होता. शनिवारी तार आली."

बाहेर कबाड्याच्या गाडीवर कपाट चढवत होते.

"तुला वाटलं, माझा विश्वास उडाला. नाही गं. उडाला असता तर कधीच बसले असते तुझ्याजवळ, तुझं मन राखायला. बसणं सोपं झालं असतं. मी बसत नव्हते, कारण तो ऐकतो हे मला पक्कं माहीत होतं. वाटायचं, पुन्हा गुडघे टेकले की त्याचं लक्ष जाईल माझ्याकडे, म्हणेल, ही ती, शब्द मोडणारी. आणि त्याला घ्यायला घरात आता तू एकटीच उरली होतीस. म्हणून उभी राहत होते. त्या दिवशी धीर केला, काठावर टेकले, तुला विचारायला. आणि बघ काय झालं."

गाडी निघून गेली, पण ती बोलायची थांबली नाही.

"तू असतीस तर हसली असतीस ना? काहीतरी म्हणाली असतीस. काय म्हणाली असतीस ते मला सुचत नाही, आई. खूप प्रयत्न केला. मला काहीच सुचत नाही. एवढंच कळतं, की दर गुरुवारी, अठरा वर्षं, मला तुझ्याशेजारी बसायचं होतं."